विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून लिनक्स मिंट टाकलं: दुकान अन् घर, दोन्हीकडचा रिव्ह्यू

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलं, तेव्हापासून दुकानावर येणारे-जाणारे विचारतात की भाऊ, आता कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का? म्हणून म्हटलं, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून काय अनुभव आला ते एकदा सगळं लिहूनच टाकू. माझं अमळनेरला झेरॉक्स अन् ऑनलाइन कामांचं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, पॅनकार्ड, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, लग्नसराईत पत्रिकेचं मॅटर, जे येईल ते. दुकानात दोन पीसी, घरी एक लॅपटॉप, तिन्ही म्हातारे. चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह, सहाव्याचा आय थ्री, असा माल. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (चालू होताना सिस्टीम खरी आहे का तपासणारी सोय) लागतं, म्हणजे मशीन ठणठणीत चालतंय, कुठे काही तक्रार नाही, पण दारातूनच परत. रुफस नावाच्या प्रोग्रामने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना हे चेक काढून टाकता येतात हे मलाही माहितीये, बरेच जण तसं करूनही देतात, पण त्या मशीनची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही अन् माझ्याकडे लोकांचे आधार, पासबुक, उतारे स्कॅन होऊन पडलेले असतात, तिथे असला जुगाड नको वाटला.

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. घरच्या लॅपटॉपवर मिंट, पाचपैकी साडेचार. दुकानातल्या आतल्या पीसीवर, जिथे टायपिंग, स्कॅन, प्रिंट एवढंच चालतं, तिथे चार, आणि तो एक मार्क कशात गेला ते पुढे येईलच. काउंटरवर मात्र मिंट चाललंच नाही, तिथे जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आठव्या जनरेशनचा सेकंडहँड डबा आणला अन् विंडोज ११ टाकलं.

लिनक्स टाकलं की जुना कॉम्प्युटर पळायला लागतो असं सगळे सांगतात, त्यातलं निम्मं श्रेय लिनक्सचं नाहीच, एसएसडीचं आहे, म्हणजे जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपवाल्या वेगवान डिस्कचं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ च्या वर, वरून धूळ, दुपारी पत्र्याच्या दुकानात मशीन नुसतं तापतं, अशात सात-आठ वर्षं चाललेली हार्डडिस्क दमलेलीच असते, मग बटण दाबून चहा पिऊन आलं तरी डेस्कटॉप यायचाच असतो. तर आधी ती हार्डडिस्क काढा, एसएसडी टाका, पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला आणि मग बघा विंडोज १० सुद्धा कसं उठतं ते. उरलेलं निम्मं श्रेय मात्र मिंटला द्यावंच लागेल, कारण चार जीबी रॅमवर ते खरंच चालतं. विंडोज ११ ची कमीत कमी अट पण चार जीबीच लिहिलेली आहे, पण ती अट कागदावरची, चालवून बघणाऱ्याला कळतं. मिंटवाले दोन जीबी किमान अन् चार जीबी असल्यास बरं असं सांगतात. अर्थात ब्राउझरात पंधरा टॅब उघडून बसलात तर दोन्हीकडे सारखाच घाम फुटतो, त्याला सिस्टीम काय करणार.

मिंटच का? लिनक्स हे नाव एक असलं तरी त्याचे प्रकार शेकड्याने आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, अन् नवीन माणूस तिथेच घाबरून परत फिरतो. उबंटू सगळ्यात जास्त ऐकलेलं, २००४ पासूनचं, पण त्याची पट्टी डावीकडे उभी, वर अजून एक पट्टी, विंडोजवाल्या माणसाला पहिलं अर्धा तास सापडतच नाही की बंद कुठून करायचं. मिंट २००६ चं, उबंटूच्याच पायावर बांधलेलं, पण त्यांनी खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ असं जुनं वळण सोडलेलं नाही. विंडोजचं बटण दाबलं की मेनू उघडतो, ऑल्ट टॅबने खिडक्या बदलतात, कंट्रोल सी कंट्रोल व्ही तेच. २०१२ ला विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच स्टार्ट बटण काढून टाकलं होतं, लोक इतके वैतागले की पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं, ११ मध्ये परत मेनू मधोमध नेला (सेटिंगमधून डावीकडे आणता येतो म्हणा). म्हणजे गंमत बघा, विंडोज ७ ची सवय असलेल्या माणसाला आज विंडोज ११ पेक्षा मिंट जास्त ओळखीचं वाटतं.

टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हा लिनक्सचा सगळ्यात मोठा गुण आणि तोच लोकांना माहिती नसतो. साधारण तीन जीबीची फाइल डाउनलोड करायची, रुफस किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून चालू करायचं, हार्डडिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. तिथेच वायफाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेस कमीजास्त होतो का, प्रिंटर दिसतो का, सगळं तपासून घ्यायचं अन् नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज जसंच्या तसं. घरच्या लॅपटॉपला सगळं एका दमात सापडलं. दुकानातल्या पीसीला जो स्वस्तातला वायफाय डोंगल लावलेला होता (कंपनीचं नाव नको) तो काही केल्या दिसेना, ड्रायव्हर नेटवरून घ्यावा तर नेटच नाही! मग मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग (मोबाइलचं नेट केबलने पीसीला देणं) चालू केलं, ते क्षणात चाललं, काही टाकावं लागलं नाही, ही युक्ती लक्षात ठेवा. शेवटी डोंगल काढून राउटरपासून लॅनची वायरच ओढली, जी खरं तर पहिल्यापासून ओढायला पाहिजे होती, स्पीडही वाढला.

आता घरचं सांगतो. लॅपटॉप वापरतात नाना, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांचं काम म्हणजे सकाळी पेपर वाचणं, यूट्यूबवर कीर्तन, पेन्शन जमा झाली का ते बघणं, नातवंडांचे फोटो, अन् अधूनमधून कुणाचा तरी अर्ज लिहून देणं. मी मिंट टाकलं, फायरफॉक्सचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवलं, अक्षरं मोठी केली, अन् न सांगताच समोर ठेवून दिला, म्हटलं बघू काय म्हणतात. काहीच म्हटले नाहीत. रात्री जेवताना मीच विचारलं, नाना, लॅपटॉपमध्ये काही बदललेलं दिसलं का? तर म्हणे, "चालू शे ना, मंग झायं." त्यांना फक्त एक फरक जाणवला, की आता मधेच काही विचारत नाही. खरंय ते. कुठली जाहिरात नाही, अकाउंट बनवा म्हणून आग्रह नाही, ब्राउझर आमचाच वापरा म्हणून लाडीगोडी नाही. अपडेट आलं की खाली कोपऱ्यात ढालीचं छोटं चिन्ह येतं, करायचं तेव्हा करा, नाही केलं तर ते गप्प बसतं. (करा मात्र.)

याच्या अगदी उलट प्रकार दुकानात झाला. आतल्या पीसीवर माझा चुलतभाऊ बसतो, मराठी टायपिंगची परीक्षा पास, एमएससीआयटी केलेली, हात इतका साफ की की-बोर्डकडे बघत नाही. मला वाटत होतं याला काय अवघड, हा तर एका दिवसात शिकेल. पण सगळ्यात जास्त त्रास त्यालाच झाला. डाव्या हाताने जेवायला बसवावं तसा तो बसला होता. का, तर त्याची बोटं शिकलेली होती, सिस्टीम नाही. वर्डमध्ये कोणती कमांड कोणत्या टॅबखाली, अमुक शॉर्टकट, तमुक मॅक्रो, फाइल कुठल्या ड्राइव्हला, डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह, सगळं बोटात. लिनक्समध्ये सी-डी-ई असले ड्राइव्हच नाहीत, एक होम फोल्डर अन् बाकी सगळं एकाच झाडाला लटकलेलं, तर तो पहिले दोन आठवडे प्रत्येक फाइल डेस्कटॉपवरच सेव्ह करायचा, डेस्कटॉप म्हणजे गुरुवारचा बाजार झाला होता. म्हणून माझं मत असं झालंय की कोणती सिस्टीम सोपी हा प्रश्न माणूस बघितल्याशिवाय विचारायचाच नाही. ज्याला काहीच येत नाही त्याला सगळं सारखं, ज्याला थोडं येतं तो दोन दिवसात रुळतो, अन् ज्याला खूप येतं तो रडतो. आपल्याकडे एमएससीआयटी म्हणजेच कॉम्प्युटर अन् एमएससीआयटीत विंडोज अन् एमएस ऑफिस, दोन पिढ्या त्यावरच शिकल्या, म्हणून विंडोज सोपं. केरळात सरकारी शाळांमधून वर्षानुवर्षं लिनक्सवरच पोरं शिकतात, त्यांना तेच सोपं.

मराठी टायपिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण यूट्यूबवरचे मिंटचे रिव्ह्यू बघावेत तर कोणी याचा उल्लेखच करत नाही, सगळे गेम किती फ्रेमने चालतो तेच मोजत बसतात. मिंटमध्ये सिस्टीम सेटिंगमध्ये की-बोर्ड, त्यात लेआउट, तिथे अधिक चिन्ह दाबून मराठी शोधा, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट सापडेल, झालं. काही डाउनलोड नाही. ज्यांना सीडॅकचा इनस्क्रिप्ट (सरकारमान्य मराठी की-बोर्डची मांडणी) येतो त्यांचं काम तिथेच संपलं, खाली पट्टीत भाषेचं चिन्ह येतं, शॉर्टकट ठरवून घ्यायचा. पण ज्यांना मोबाइलसारखं इंग्रजीत टाइप करून मराठी पाहिजे त्यांच्यासाठी ते इतकं सरळ नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आतच दिलेलं आहे, भाषा निवडली की आलं, सूचनाही दाखवतं. मिंटमध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय देणारा प्रोग्राम) अन् त्याचं एम १७ एन नावाचं पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकायचं, मग लॉगआउट करून परत यायचं, मग आयबसच्या सेटिंगमधून मराठी फोनेटिक किंवा आयट्रान्स निवडायचं. एकदा बसलं की मस्त चालतं पण ते बसेपर्यंत नवीन माणूस तीनदा सोडून देईल. इनपुट मेथड म्हणून मिंटची स्वतःची एक खिडकी आहे, तिथे चिनी, जपानी, कोरियन यांची व्यवस्थित सोय, आपल्या मराठीला तिथे जागा नाही. हा माझा त्यांच्यावरचा खरा राग आहे.

अन् जुन्या फॉन्टांचं काय? इथे माझा एक मार्क गेला. दुकानात पंधरा वर्षांचं मॅटर पडलेलं आहे, अर्ज, करारनामे, भाडेपट्टे, पत्रिका, त्यातलं बरंचसं युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचं, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असले फॉन्ट. ती फाइल मिंटमध्ये उघडली की पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं, मजकूर काही कळत नाही. घाबरायचं कारण नाही, फॉन्टची फाइल असेल तर त्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की मराठी दिसायला लागतं, वाचता येतं, प्रिंट निघते. पण त्यात टाइप करायचं म्हटलं तर त्या पॅकेजचा की-बोर्ड चालवणारा प्रोग्राम विंडोजचा असतो, तो इथे येत नाही. म्हणून आम्ही असं ठरवलं की जे मॅटर परत परत लागतं ते कन्व्हर्टरने युनिकोड करून ठेवायचं, बाकीचं पडू द्यायचं. कन्व्हर्टर रफार अन् जोडाक्षरात हमखास घाण करतात, त्यामुळे प्रत्येक करारनामा डोळ्याखालून घालावा लागला, चुलतभाऊ तेव्हाचा मला बोलतोच आहे.

लिबरऑफिस चांगलं आहे, फुकट आहे, वर्डच्या फाइल उघडतं, पण त्यातली एक गोष्ट कळेपर्यंत डोक्याला ताप होतो. त्यात इंग्रजीचा फॉन्ट वेगळा अन् देवनागरीचा वेगळा धरला जातो, सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) या नावाखाली. तर तुम्ही आख्खा अर्ज सिलेक्ट करता, वर फॉन्ट साइज १४ करता, अन् कधीकधी इंग्रजी आकडे मोठे होतात, मराठी आहे तेवढंच! माणसाला वाटतं बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, फॉरमॅटमध्ये कॅरेक्टरच्या खिडकीत जाऊन सीटीएल फॉन्टचा आकार वेगळा द्यायचा, किंवा एकदाच ऑप्शनमध्ये जाऊन मूळ फॉन्टच ठरवून टाकायचा, आम्ही नोटो सॅन्स देवनागरी ठेवलाय. दुसरं म्हणजे मंगल फॉन्टमधली वर्डची फाइल इथे उघडली की मंगल नसतो, दुसरा फॉन्ट बसतो, ओळी सरकतात अन् एका पानाचा अर्ज सव्वा पानावर जातो. तहसीलला द्यायच्या कागदावर सही दुसऱ्या पानावर गेली की लोक चिडतात. म्हणून बाहेरून येणारी फाइल पीडीएफमध्येच मागवायची, आम्ही आता गिऱ्हाइकाला तसंच सांगतो. एक्सेलच्या साध्या शीट चालतात, हिशोब बरोबर येतात, मॅक्रो असलेल्या शीटचं काही सांगता येत नाही.

प्रिंटरचं नशीब असतं. घरचा टाकीवाला कलर प्रिंटर वायफायवर होता, मिंटने स्वतःच शोधला, स्वतःच लावला, मी फक्त बघत होतो, विंडोजमध्ये याच प्रिंटरला सेटअप डाउनलोड करावा लागला होता. दुकानातला जुना लेझर मात्र हट्टी निघाला. ज्या लेझरला स्वतःचं डोकं नसतं, पान तयार करायचं काम कॉम्प्युटरवर टाकतात, असल्या जुन्या मॉडेलना कंपनीचा खास ड्रायव्हर लागतो अन् तो लिनक्ससाठी नीट केलेलाच नसतो. पहिलं पान निघायचं, दुसऱ्याला रांगेत अडकायचं, बंद करून चालू केलं की परत एक पान. नाव घेत नाही, आपल्या गावोगावच्या झेरॉक्सवाल्यांकडे असलेच डबे आहेत, ते ओळखतील. मी तो काउंटरच्या विंडोजला जोडला अन् तिथून नेटवर्कवर शेअर केला. स्कॅनर दोन्ही चालले, मिंटमधलं डॉक्युमेंट स्कॅनर तर मला विंडोजच्या सोयीपेक्षा बरं वाटलं, पानं एकामागोमाग टाका, सरळ एक पीडीएफ. फायली इकडून तिकडे पाठवायला मिंटमध्ये वॉर्पिनेटर आहे, एकाच नेटवर्कवर दोन्हीकडे मिंट असलं की पेनड्राइव्ह लागत नाही.

आता काउंटर. तिथे अंगठ्याचं मशीन लागतं, आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या नियमाने रजिस्टर्ड डिव्हाइस अन् त्याची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), ती आमच्या मशीनला विंडोज अन् अँड्रॉइडसाठीच मिळाली. बस, विषय संपला. वेबसाइट सगळ्या उघडतात, महाभूलेख, महाडीबीटी, बँका, जीएसटी, फायरफॉक्स किंवा क्रोम असलं की सिस्टीम कोणती हे साइटला देणंघेणं नसतं, पण अंगठा लागला नाही की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. टॅलीचं पण तसंच, ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन नावाचा प्रकार वापरून काही जण चालवतात पण व्यापाऱ्याचे हिशोब त्याच्या भरवशावर मी ठेवणार नाही. कोरल ड्रॉ अन् फोटोशॉपही लिनक्ससाठी निघत नाहीत. त्यांच्याऐवजी इंकस्केप, गिंप चांगले आहेत, मी स्वतः वापरतो, पण फ्लेक्सवाल्याला कोरलची सीडीआर फाइल लागते अन् लग्नाच्या पत्रिकेत गणपती कोरलमधूनच येतो, त्यामुळे डिझाइनवाल्या भावांनी मिंटच्या नादी लागू नये.

विंडोज ११ ला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. काउंटरवर तेच आहे अन् काम करतंय. कुठलंही यंत्र जोडा, लागतं. मराठी आतच आहे. पोरगा-पोरगी नवीन लॅपटॉप घेत असतील तर त्यात येतंच, ते काढून लिनक्स टाकण्यात काही शहाणपण नाही, भाचीचा कॉलेजचा लॅपटॉप मी जसाच्या तसा ठेवलाय. पण सोपेपणाच्या बाबतीत काही गोष्टी त्यांनी उगाच अवघड केल्यात. फाइलवर राइट क्लिक केलं की अर्धाच मेनू, बाकीचा पाहिजे तर शो मोअर ऑप्शन्स दाबा. कट-कॉपीचे शब्द जाऊन नुसती चित्रं आली, नंतर त्याखाली नावं दिली ते बरं केलं. होम आवृत्ती नवीन सेट करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं, ज्या मावशींना पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबर वाटतो त्यांचं अकाउंट कोण काढणार अन् वर्षभराने कोण आठवणार? वनड्राइव्ह चालू राहिलं तर डेस्कटॉपवरच्या फायली ऑनलाइन जायला लागतात, पाच जीबी फुकटचे भरले की मेसेज सुरू. हे सगळं बंद करता येतं, पण बंद करून द्यायला आमच्यासारखा लागतो.

मॅकचं दोन ओळीत. पुण्याचे दाजी दिवाळीला घेऊन आले होते, त्यावर दुपारभर हात फिरवला. पडदा अन् बॅटरी म्हणाल तर तोड नाही. पण कंट्रोलच्या जागी कमांड, खिडकी बंद करायचं बटण डावीकडे, लाल गोळा दाबला तरी प्रोग्राम चालूच, अन् फाइल कट करून पेस्ट करायची तर कॉपी करून मग पेस्ट करताना ऑप्शन धरून ठेवायचा. दाजी म्हणे यासारखं सोपं काही नाही. त्यांना दहा वर्षांची सवय आहे, नानांना पण आपलाच लॅपटॉप सोपा वाटतो. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही सिस्टीमही जुन्या मशीनवर चालवून बघितलं, नुसतं ब्राउझर वापरणाऱ्याला ते हलकं अन् चांगलं आहे, फक्त त्यात अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत हे आधी समजून घ्या.

टर्मिनलची भीती सगळ्यांना असते, काळा पडदा अन् पांढरी अक्षरं, जिथे माउसऐवजी हुकूम टाइप करून द्यायचे. घरच्या लॅपटॉपला ते उघडायची वेळ नानांवर एकदाही आली नाही. माझ्यावर आली, कारण आपली लाईट. अपडेट चालू असताना लाईट गेली, पीसीला यूपीएस होता पण त्याची बॅटरी कधीच गेलेली, मग परत चालू केल्यावर सॉफ्टवेअर मॅनेजर उघडेना, अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करा म्हणे. त्यानेच कोणती ओळ टाकायची तेही सांगितलं, ती टर्मिनलमध्ये टाकली, पासवर्ड दिला, दोन मिनिटांत सुरळीत. पासवर्ड टाकताना मिंटमध्ये तारे दिसतात, उबंटू २४.०४ मध्ये काहीच दिसत नाही अन् माणसाला वाटतं की-बोर्ड बंद पडला, बघा किती बारीक गोष्ट पण नवख्याला केवढा फरक पडतो. मिंटमधलं टाइमशिफ्ट मात्र पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा, काही बिघडलं तर कालच्या तारखेला सिस्टीम परत नेता येते, आपल्या फायलींना त्यात हात लागत नाही. अन् आपल्या फायलींचा बॅकअप त्यात नसतो हेही त्याच वाक्यात समजून घ्या, तो वेगळा घ्यायचा.

दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर ठेवायच्या असतील तर तेही जमतं, मिंट टाकतानाच विंडोजच्या बाजूला टाका असा पर्याय येतो. सुरुवातीला मी आतल्या पीसीवर तसंच ठेवलं होतं. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हावं म्हणून पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद करावं लागतं, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, फक्त बघता येतं. अन् घड्याळाची भानगड होते ती तर भारीच, मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की कधीकधी वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. भूतबित काही नाही, लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच आपली वेळ समजतं, अन् आपल्यात अन् त्यात साडेपाच तासांचा फरक. मिंटला स्थानिक वेळ धरायला एका ओळीत सांगता येतं. पण गिऱ्हाइकाने साडेतीनला काढलेल्या पावतीवर सकाळचे दहा छापून आले की तो तुमच्याकडे कसा बघतो ते मी बघितलंय. त्यात चुलतभाऊ दर वेळी विंडोजच निवडायचा अन् मिंट शिकायचंच राहून जायचं, म्हणून शेवटी विंडोज काढूनच टाकलं. त्यानंतर तो खरा शिकला. आता परत विंडोजवर बसवला तर राइट क्लिकला शिव्या देतो.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही अन् मशीन जुनंच आहे त्यांच्यासाठी विंडोज १० चे जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्डचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नावनोंदणीची लिंक येते. मिंट टाकणार असाल तर २२ ची मालिका घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, त्यातली सिनॅमन आवृत्ती घ्या अन् मशीन फारच जुनं असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती. लॅपटॉप जरा नवा असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत लिहून घ्या, मोबाइलात फोटो काढून नाही, वहीत. अन् डेटा दुसऱ्या डिस्कवर काढल्याशिवाय कोणी कितीही म्हटलं की काही होत नाही भो, तरी इन्स्टॉलचं बटण दाबू नका.